बिनतारी

रापण ओढून झाली की किनारा माझा.
बाकीचे बांगड्यांच्या वाट्यांवरून भांडत असतात,
मी कमरेला पिशवी बांधून
तोंडवळीच्या ओल्या रेतीवर यंत्र फिरवतो,
डावीकडून उजवीकडे, केर काढल्यासारखं.
लोकांना वाटतं, सोनं शोधतो.
मी शिसं शोधतो.
फाटल्या जाळ्यातून सुटलेलं,
सुपारीएवढं, दाताची खूण उठेल इतकं मऊ.
किलोवर विकतो, ज्यांची जाळी त्यांनाच.
"आमचाच आमका इकतंस?"
दर्याक इचारा, म्हणतो मी.

अडचण वायरची होती.
वाकलो की कुदळीत,
उठलो की कोपरात;
एकदा लाटेनंच धरली
आणि कान असा ओढला गेला
की पेडणेकर मास्तर आठवले.

आचऱ्याच्या तिठ्यावर बस्त्याव लोबोचं दुकान.
पाटीवर अजून रेडिओ, आत सगळे मिक्सर.
त्याने हेडफोन पालथा केला, वास घेतला,
"मीठ खाल्लान हेणी,"
आणि मला विचारायच्या आत वायर कापली.
आत केसाहून बारीक तारा,
एक तांबडी, एक हिरवी, एक नुसती तांब्याची,
तिन्हींवर लाखेचं अस्तर.
"ह्यां जाळल्याबिगर डाग धरूचा नाय."
लायटर. मग राळेचा धूर
त्याच्या चष्म्यावर चढत गेला.

आधी ब्लूटूथ बसवलं.
मेलेल्या मोबाइलची बॅटरी, दाभणाचं भोक, गरम डिंक.
मोकळ्या मानेने पहिल्यांदा चाललो
तेव्हा उगाचच शीळ घातली.
पण आवाज उशिरा यायचा.
फार नाही, पापणी लवेपर्यंत,
तेवढ्यात हात पुढे गेलेला असे
आणि मी खणत बसे जिथे काहीच नव्हतं.
एका सकाळी एकोणीस खड्डे, एक बाटलीचं बूच.
खवणेकरांची पोरं म्हणाली,
"कुर्लेसुद्धा तुझ्यापरास बरे खणतत."
शिसं माझ्या मागे, वीतभर अंतरावर,
पडल्या जागी.

"आवाज आधी आकड्यांत मोडता," बस्त्याव म्हणाला,
"मगे परत बांधता. तेका येळ लागता.
तुका न मोडणारो आवाज होयो."
आणि खणातून काढला
दशावतारी कंपनीचा जुना कॉलर-माइक,
राणीच्या सोंगाचा.
चिमट्यात अजून सफेद्याची पूड,
आत कुणाच्या तरी रात्रभरच्या घामाचा हिरवा गंज.
ब्रशने घासला, माइक उपटला,
त्या जागी यंत्राची तार, मध्ये एक रेझिस्टर,
"नायतर कान फुटतीत."

आता कुई झाली की तिथेच.
पाय थांबतो तिथेच.
खणलं की तिथेच.
कान आणि रेती यांच्यात
माझ्यापुरतं काही उरलं नव्हतं.

मग गावात दहिकाला.
मी नेहमीसारखा पहाटेच्या ओहोटीला,
सुरूच्या बनापलीकडे देवळाचे दिवे,
इकडे कुई, इकडे कुई, पिशवी जड.
तीन दिवसांनी पानवाल्याने सांगितलं:
राणी आत चहाला गेलेली, माइक बंद,
राजा ऐन शोकात,
आणि कर्ण्यातून कुई.
सभा गप्प.
राजाने दाढी सावरली.
"प्रधानजी, हा कसला संकेत?"
"महाराज, पृथ्वीच्या पोटात काहीतरी दुखतंय."
पुन्हा कुई.
"मग वैद्य बोलवा!"
लोक पाच मिनिटं हसत होते म्हणे.

माझ्या शोधाचा आवाज
सगळ्या गावाने ऐकला होता,
मला तेवढा उशिरा कळला.

बस्त्याव हळहळला. कंपनीचा आकडा तोच,
त्याच्या ध्यानातच नव्हतं.
छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला,
"आण, बदलून देतंय."
मी डबी पुढे केली, मग मागे घेतली.
दे, म्हटलं.
पण जत्रा सरल्यावर.